एक बोकड, अकरा वाटे

माझ्या लहानपणी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर वर्षातून चार-पाच वेळा बोकड पडायचा. कुणाच्या तरी अंगणात सकाळी सकाळी केळीची पानं मांडली जायची आणि माझे काका उकिडवे बसून वाटे घालायचे. आधी हाडाचं मटण, मग मांडीचं, मग प्रत्येक पानावर काळजाचा अंगठ्याएवढा तुकडा, शेवटी चरबी. कुठल्या पानावर काय कमी पडलंय ते त्यांना नुसतं बघून कळायचं. मग एका पानावरची बरगडी उचलून ते दुसऱ्यावर ठेवायचे. काटा नव्हता. अकरा घरं, अकरा पानं. बोकडाला हात लावण्याआधीच तो पुरता विकला गेलेला असायचा.

आज आम्ही घरची मंडळी शेळ्या पाळतो आणि मटण थेट लोकांच्या घरी पोचवतो. त्यामुळे फोन खूप येतात. कुणाचं भाट (बागायती जमीन) पडून आहे, कुणाला खाणबंदीनंतर दुसरा धंदा हवाय, कुणाचा मुलगा गल्फमधून परत आलाय. जवळजवळ सगळे पहिला प्रश्न विचारतात, ‘किती शेळ्यांनी सुरुवात करू?’ माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, कोण खाणार? दुसरा, कधी खाणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की शेळ्यांचा आकडा आपोआप निघतो.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अनेक कुटुंबं गुरं पाळून त्यांचं मांस थेट गिऱ्हाइकाला विकतात. ते व्हिडिओ बघून काहीजण मला विचारतात की आपण तसं का करू नये. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. साधारण साडेपाचशे किलोचा बैल कापून, सोलून आकड्याला टांगला की सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतो आणि हाडं-चरबी काढून घरात जेमतेम दोनशे किलो मांस येतं. गिऱ्हाईक चौथाई किंवा अर्धा बैल आधीच बुक करतं, चौथाई म्हणजे पन्नासेक किलो. ते वर्षभर ठेवायला घरात मोठा डीप फ्रीजर असतो. म्हणजे चार कुटुंबं मिळाली की एक जनावर संपलं.

गोव्यात गुरांच्या बाबतीत कायद्याची चौकट वेगळी आहे. १९७८ च्या कायद्यानं गाय आणि वासरं कापायला बंदी आहे. बैल, रेडे, म्हशी यांच्यासाठी १९९५ चा वेगळा कायदा आहे. त्यात जनावर कापण्याआधी दाखला लागतो, आणि ते शेतीच्या, पैदाशीच्या किंवा दुधाच्या उपयोगाचं असेल तर दाखला मिळत नाही. उपयोगाचं तरुण जनावर मांसासाठी वाढवायचं हा परदेशी धंद्याचा पायाच इथं बसत नाही. शिवाय आपल्यातल्या कितीतरी घरांत गुरांशी नातं वेगळं असतं. ते नातं मी मानतो आणि तो विषय इथंच ठेवतो. पण ‘आधी वाटा विकायचा, मग जनावर कापायचं’ ही त्यांची रीत म्हणजे आमच्या काकांचीच रीत. ती बोकडाला चोख लागू पडते. फरक इतकाच की आपल्याकडे एका जनावराला चार नव्हे, अकरा घरं लागतात आणि कुणाला मोठा फ्रीजर लागत नाही.

अकरा कशी, ते सांगतो. पंचवीस किलोचा बोकड घ्या. रक्त, कातडं, मुंडी, पाय, आतडी बाजूला काढली की उरतं साधारण पंचेचाळीस टक्के, म्हणजे सव्वाअकरा-साडेअकरा किलो मटण. मुंडी-पाय आणि वजडी वेगळी. हा हिशोब डोक्यात पक्का नसला की फसगत ठरलेली. आमची झाली. पहिल्या वर्षी एक व्यापारी दारात आला, बोकडाच्या कमरेवर हात ठेवून दाबलं, ‘सगळे मिळून अमुक’ म्हणाला, आणि आम्ही तीन बोकड दिले. नंतर तसाच चौथा बोकड टांगत्या काट्यावर घातला तेव्हा कळलं की आम्ही किलोमागे किती सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, शेळी घेण्याआधी काटा घ्या. आणि वजन सकाळी, रात्रभर चारा न देता करा, पाणी मात्र द्या. भरल्या पोटाचा बोकड दोन-अडीच किलो सहज जास्त दाखवतो आणि तो आकडा धरून वाट्यांचा शब्द दिलात की शेवटच्या घराला कमी पडतं.

हिशोबापुरता मटणाचा भाव किलोला ९०० रुपये धरू. साडेअकरा किलोचे झाले १०,३५०. व्यापाऱ्यानं त्याच बोकडाचे ७,५०० दिले असते असं धरलं तर मधे पावणेतीन-तीन हजारांचा फरक आहे. यातून कापणीची मजुरी, बर्फ, पिशव्या, पेट्रोल जातं. मुंडी-पाय आणि वजडीचे पैसे वर येतात. त्यात एक मेख आहे. लोक फोनवर सांगतात, ‘मला फक्त मांडीचं द्या.’ बोकडाला मांड्या दोनच. मांडीचं मटण पहिल्या दोन घरांत संपलं की मान आणि बरगड्या तुमच्याच फ्रीजमध्ये राहतात आणि नफा तिथंच गोठतो. म्हणून आम्ही नग विकत नाही, वाटा विकतो. प्रत्येक वाट्यात थोडं थोडं सगळं. आमच्या गिऱ्हाइकांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. एका बाईंनी तर रागानं परत पाठवलं. मग माझी बायको प्रत्येक वाट्याबरोबर सांगू लागली की मानेचं आणि हाडाचं रश्शाला घाला, मांडीचं सुकं करा, सगळं एकत्र शिजवलंत तर शागुतीला खरी चव येते. आता त्याच बाई वाट्यात मानेचा तुकडा नसला तर विचारतात.

आता कळपाचं गणित. वीस शेळ्या धरा, त्यांना एक बोकड पुरतो. वर्षातून एकदाच व्यायला लावायच्या, आणि दर शेळीमागे सरासरी दीड करडू धरू. तीस करडं झाली. तीन-चार दगावतील, हे मनाची तयारी करून आधीच वजा करा. उरली सव्वीस, त्यातले साधारण तेरा बोकड, तेरा पाटी म्हणजे माद्या. म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी चार पाटी ठेवल्या की विकायला बावीस जनावरं. साडेअकरा किलोप्रमाणे अडीचशे किलो मटण, ९०० च्या भावानं सव्वादोन लाख रुपये.

हा वर्षाचा आकडा आहे, महिन्याचा नव्हे. शेळीला रोज दोनशे ग्रॅम आणि वाढत्या करडाला दीडशे ग्रॅम खुराक दिला, तर वर्षाला चोवीसशे किलो लागतो. किलोला तीस रुपये धरले तर बहात्तर हजार तिथंच गेले. औषधं, विमा, छपराची डागडुजी वेगळी. घरच्या माणसांचा पगार धरलाच नाही तर लाख-सव्वा लाख हातात राहतात. वीस शेळ्यांवर नोकरी सोडू नका, हे मी प्रत्येकाला फोनवर सांगतो आणि काहींना ते आवडत नाही. सुपारी-काजूच्या जोडीला हा धंदा उत्तम आहे. एकटा मात्र तो घर चालवत नाही.

त्याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनं बघा. बावीस जनावरं म्हणजे वर्षात बावीस रविवार. दुकान उघडलंत तर बावन्न रविवार आणि मधले बुधवार भरायला लागतात. तेवढा माल आपल्याकडे नाही, मग बाहेरून आणावा लागतो, आणि ‘आमच्या घरचं’ म्हणून विकलेलं मटण घरचं राहत नाही. गिऱ्हाइकानं आपल्याला जास्त पैसे दिले ते याच शब्दासाठी. म्हणून दुकान नको, वही हवी. कुठल्या तारखेला बोकड पडणार, त्याचे अकरा वाटे कुणाचे, आगाऊ पैसे कुणाचे आले. अकरावं नाव लिहिलं गेल्याशिवाय आम्ही तारीख पक्की करत नाही.

तारखा गोव्याच्या पंचांगावर चालतात. श्रावणात आपली घरं शिवराक म्हणजे शाकाहारी, ते थेट गणेश चवथीपर्यंत. करेज्माच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत ख्रिस्ती घरांतली मागणी उतरते. नाताळच्या आठवड्यात उलट एकेका दिवशी तीन बोकडांची मागणी येते. शिमग्यानंतर पुन्हा बरी चालते. सोमवारी-गुरुवारी कुणी विचारतच नाही. आणि बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, सध्या ती मे-जूनच्या सुमारास येते. ईदेला बोकड जिवंतच विकला जातो, कापणीची जबाबदारी आपल्यावर नाही. तो वर्षाचा पूर्ण झालेला आणि अंगात खोट नसलेला लागतो. लंगडा चालत नाही, मोडक्या शिंगाचा बघून लोक परत जातात. म्हणून त्यासाठीचे पाच-सहा बोकड आम्ही करडं असल्यापासूनच वेगळे सांभाळतो, भांडणाऱ्या बोकडांत सोडत नाही.

इथून मागं मोजत यायचं. निगा चांगली असेल तर आमच्याकडे दहा महिन्यांचा बोकड बावीस ते पंचवीस किलोचा होतो. नाताळला तो हवा तर जन्म फेब्रुवारीत हवा. शेळी पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस गाभण असते. म्हणजे सप्टेंबरच्या दहा तारखेच्या सुमारास ती फळायला हवी. त्याच फेब्रुवारीतले जे बोकड नाताळला न विकता ठेवून घेतले ते पुढच्या मेमध्ये पंधरा महिन्यांचे होतात, ईदेला तयार. एकाच वेतात दोन बाजार सांभाळले जातात. यासाठी पैदाशीचा बोकड वर्षभर वेगळा ठेवावा लागतो आणि सप्टेंबरात सहा आठवडे शेळ्यांत सोडायचा. शेळी एकवीस दिवसांनी माजावर येते, त्यामुळे सहा आठवड्यांत तिला दोन संधी मिळतात. बोकड कायम कळपात राहिला तर करडं केव्हाही होतात, आणि ‘केव्हाही’ म्हणजे आपल्याकडे पावसात.

पावसाबद्दल मला नीट सांगायचंय, कारण गोव्यात शेळीचा धंदा बुडतो तो जुलैत. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटाकडे आणखी जास्त. शेळी मूळ कोरड्या मुलखातली. थंडी ती सोसते, ओल नाही. पहिल्या वर्षी आमच्या नऊ करडांचा जन्म जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झाला. जमीन शेणानं सारवलेली, वर पत्रे, बाजूला ताडपत्री. आम्हाला वाटलं पुरे झालं. पण जमिनीतून ओल वर येत होती. रात्री कंदील घेऊन गेलो की करडं एकमेकांवर चढून बसलेली दिसायची, खालच्याचं पोट ओलं. आईनं गोणपाट चुलीवर शेकून शेकून त्यांच्याखाली घातले. तरी चार गेली, सगळी न्यूमोनियानं. एक माझ्या मांडीवरच गेलं, शेवटपर्यंत नाकपुड्या फुगवून श्वास ओढत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मचाण बांधलं. जमिनीपासून चार फूट वर, पोफळीच्या फाळी चिरून, दोन फाळींत दीड सेंटिमीटरची फट ठेवून. लेंड्या आणि मूत खाली पडतं, वरचं कोरडं राहतं. करडांच्या कप्प्यात फट त्याहून कमी, नाहीतर खूर अडकून पाय मोडतो. शेळीमागे दहा चौरस फूट धरा. एवढा एकच खर्च मी कर्ज काढूनही करा असं सांगेन. खाली पडलेलं लेंडीखत कुळागरवाले, म्हणजे पोफळीच्या बागांचे मालक, घेऊन जातात. त्यातले एक शेजारी असे आहेत की त्यांच्या कुळागरात आमच्या दोन शेळ्यांनी एकदा पोफळीची कोवळी रोपं साफ केली होती आणि आम्ही भरपाई दिली होती. तेव्हापासून आमच्या शेळ्या बांधूनच खातात. ज्या गावात कुळागर आहे तिथं मोकाट शेळी म्हणजे कायमचं वैर.

बांधून खायचं म्हणजे पाला आणायचा. तीस किलोच्या शेळीला रोज तीन-चार किलो हिरवा पाला आणि थोडा सुका चारा हवा. वीस शेळ्यांचा सत्तर-ऐंशी किलो झाला, रोज, पावसातसुद्धा. फणस, उंबर, पांगारा, कुंपणाला लावलेलं गिरीपुष्प. ओला पाला थेट घालू नये, पोट फुगतं. छपराखाली टांगून सुकवायचा. मार्च-एप्रिलात काजूच्या बोंडूचा रस काढल्यावर जो चोथा उरतो तो आम्ही वाळवून ठेवतो आणि खुराकात थोडा मिसळतो. ओला किंवा आंबलेला भरपूर खाल्ला तर शेळीच्या पोटात आम्ल होतं आणि ती पडते. घरात हा पाला कोण तोडणार, याचं उत्तर एका ठरलेल्या माणसाच्या नावानं देता येत नसेल तर शेळ्या दहाच घ्या.

जात निवडताना जाहिरातीतले धिप्पाड बोकड बघून भुलू नका. पलीकडच्या सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ आपल्या हवेला सरावलेली आहे: काळं अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. आम्ही तिच्यावरच स्थिरावलो.

रोगांत लसीनं टळणारे आणि नजरेनं टळणारे असे दोन प्रकार मी मानतो. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग), आंत्रविषार, लाळ्या खुरकूत यांच्या लसी असतात. पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या, आणि आंत्रविषाराची लस पाऊस सुरू होण्याआधी टोचून झालेली असू द्या. जंतांना मात्र नजर लागते. दर पंधरवड्याला शेळीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक. फिकट गुलाबी झाली की रक्त पिणारे जंत वाढलेत, पांढरी पडली की उशीर झालाय. सगळ्यांना एकदम औषध पाजत बसण्यापेक्षा फिकट पापणीच्या शेळीला डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाजावं, नाहीतर जंतच औषधाला सरावतात. आणि औषध दिल्यावर किती दिवस मांस खायचं नाही ते बाटलीवर छापलेलं असतं. आमच्या वहीत त्याचा वेगळा रकाना आहे. ते दिवस भरले नसतील तर अकरा घरांना फोन करून तारीख पुढं ढकलतो. आपण ज्याला हातात मटण देतो त्याची मुलं आपण ओळखतो.

कापणीचं काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर तो आधी सोडवायचा. शहरी हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही, हे २००१ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट आहे. गाभण शेळी, तीन महिन्यांच्या आतलं करडू, तीन महिन्यांहून लहान पिल्लू असलेली शेळी, डॉक्टरांनी तपासून योग्य न ठरवलेलं जनावर, यांतलं काहीच कापायचं नाही. मटण विकणाऱ्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत दिवसाला दहापर्यंत शेळ्या-मेंढ्या कापणाऱ्याला लहान व्यावसायिकाची साधी नोंदणी ठेवली आहे. स्वतः कापायचं तर धुता येणारी फरशी, पिण्यायोग्य पाणी, व्हाळात न जाणारं सांडपाणी आणि पंचायतीची परवानगी, हे सगळं उभं करावं लागेल. बावीस जनावरांसाठी ते परवडत नाही. आम्ही परवाना असलेल्या खाटकाशी ठरवून घेतलंय: बोकड आमचा, जागा आणि सुरी त्याची, मजुरी नगाप्रमाणे. वाटे मात्र तिथं उभं राहून मी स्वतः घालतो.

बोकड नेताना धावपळ, ओढाताण करू नका. यात नुसती दया नाही, शास्त्रही आहे. जनावर मेल्यावर स्नायूत साठलेल्या साखरेचं आम्ल होतं. त्या आम्लानं मटण टिकतं आणि त्याला रंग येतो. घाबरून धडपडलेल्या बोकडाची ती साखर आधीच जळून जाते, मग मटण काळपट दिसतं, चिवट लागतं आणि लवकर बिघडतं. आम्ही आदल्या संध्याकाळी सोबत दुसरा ओळखीचा बोकड घालून नेतो आणि रात्रभर पाणी देऊन विसावू देतो. दुसरी गोष्ट, कापल्या कापल्या मटण बर्फात गाडू नका. ऊब असतानाच एकदम थंड केलं तर स्नायू आखडतो आणि दोन तास शिजवलं तरी रबरासारखा राहतो. आधी ते सावलीच्या गार जागी टांगून निथळू द्यायचं, मग वाटे घालून बर्फाच्या पेटीत. मासळीवाल्यांकडची थर्माकोलची पेटी उत्तम. चार अंशांखाली ठेवून दुपारच्या आत सगळ्या घरी पोचवायचं, आणि ज्यांना लगेच शिजवायचं नाही त्यांना सांगायचं की रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी जास्त मऊ शिजतं.

आता कुणी जूनमध्ये फोन करून उत्साहानं सांगितलं की उद्याच शेळ्या आणतो, तर मी म्हणतो, थांबा. पावसात आधी ओळखीतली अकरा नावं लिहा, खाटकाशी बोला, जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत जाऊन शेळ्यांचा गोठा बघून या. चवथ झाली की मचाण बांधा. पाच शेळ्या आणा, बोकड शेजाऱ्याचा सहा आठवडे मागून घ्या. फेब्रुवारीत पहिलं करडू मचाणावर उभं राहील. त्याचं वजन, तारीख आणि आईचा नंबर वहीत लिहा. त्याच पानावर दहा महिने पुढची तारीख घाला आणि खाली अकरा रेघा मारून ठेवा.